दात येईस्तोवर

नांदेडच्या डॉक्टरांनी रिपोर्टावर पेनाचं टोक तीन ठिकाणी टेकवलं. "लाल कमी, पांढऱ्या कमी, प्लेटलेटपण कमी. तिन्ही." आणि पेन खिशाला लावून टाकलं. मला ते पेन खिशाला लावणं आवडलं नाही. डॉक्टर काहीतरी लिहीत असले की जिवाला बरं असतं.

अक्षरा माझ्या मांडीवर होती. दहा महिन्यांची पोर, पण मान खांद्यावर टाकून अशी पडलेली, की जणू कुणीतरी पांघरूण घडी करून ठेवलंय.

"म्हणजे रक्त कमी," हे म्हणाले. हे म्हणजे माझे मिस्टर, उमाशंकर. मुखेडला आमचं बी-बियाणांचं दुकान आहे. गिऱ्हाइकानं पिकाच्या चार तक्रारी सांगितल्या तरी त्या एकात बसवून एक डबा हातात द्यायचा, ही त्यांची सवय.

"रक्त कमी तर आहेच. पण एकट्या लाल पेशी कमी असत्या तर मी लोहाचा डोस वाढवून बघितलं असतं. तिन्ही कमी म्हणजे रक्त जिथं तयार होतं तिथंच काहीतरी गडबड आहे. हाडाच्या आतला नमुना काढावा लागेल, बोन मॅरो. ते इथं नको, हैदराबादला करा. चिठ्ठी देतो. त्याआधी आज रक्त चढवून घेऊ."

"नमुन्यात काय निघंल?" मी विचारलं.

त्यांनी यांच्याकडं बघून उत्तर दिलं. "बरंच काही असू शकतं. कॅन्सरपण बघावा लागतो."

बाहेर बाकावर आत्या बसल्या होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, सिद्धम्मा. आत दोघांनाच सोडतात म्हणून त्या मघापासून दाराकडं डोळे लावून होत्या.

"काय म्हणला गं?"

"रक्त चढवायचं म्हणतात."

"मग चढवा की. वाट कुणाची बघून राहिलात? माझं घ्या म्हणावं."

"गट जुळावा लागतो, आत्या."

"घरचं लेकरू हाय. न जुळायला काय झालं?"

कॅन्सरचं मी त्यांना सांगितलं नाही. हे पायऱ्यांवर जाऊन फोन करायला लागले. दोन मित्र रक्त द्यायला तयार झाले, तिसरा निघालाच होता. मी अक्षराला या खांद्यावरून त्या खांद्यावर करत राहिले. तिला काही फरक पडत नव्हता. फरक मलाच पडत होता, एका जागी बसवत नव्हतं.

पाचव्या महिन्यात ती हसायची. मी पदराआड तोंड लपवून बाहेर काढलं की सगळं अंग हलवून हसायची. उशीला टेकवून बसवलं तर बसायची. मग कधी कुणास ठाऊक, बसवलं की कलंडायला लागली. आत्या म्हणाल्या, "अंगानं जड हाय, सावकाश बसंल." जड होतीच. गुबगुबीत, निव्वळ माझ्या दुधावर वाढलेली. शेजारच्या बायका गाल ओढून जायच्या. वरणाचं पाणी, भात, काही घशाखाली उतरू द्यायची नाही. केस विरळ आणि भुरे झाले. रंग उतरत गेला, तर सगळ्या म्हणायला लागल्या, पोरगी गोरी निघाली बघा, आजोबावर गेली. मीही आरशासमोर तिचा गाल माझ्या गालाला लावून बघितला होता आणि मला आनंद झाला होता.

मुखेडच्या दवाखान्यात रक्त कमी निघालं. लोहाचे थेंब सुरू झाले. शी काळी व्हायला लागली, म्हणजे औषध पोटात जातंय, एवढंच कळलं. मलाही गोळ्या. शिवाय बीट, खजूर, डाळिंब, गूळ-शेंगदाणे. ज्याला कळलं तो बीटच घेऊन आला. माझ्या हाताची बोटं लाल झाली, पोरीचे ओठ काही झाले नाहीत.

बाकावर शेजारी इस्लापूरकडच्या सरजाबाई होत्या, नातवाला घेऊन आलेल्या. त्यांनी बराच वेळ अक्षराकडं बघितलं.

"तुमच्याबी पोरीला रगत न्हाई व्हय?"

"न्हाई."

"आमच्या पोराच्या पेशी इळ्यावाणी वाकड्या हायत. नसंत अडकत्यात. हातपाय धरून वराडतंय मग." नातू शांतपणे चिक्की खात होता. "पयलं आम्हालाबी लोहाच्याच गोळ्या दिल्त्या. ढीगभर. तुमची रडती का लई?"

"नाही. रडतच नाही हल्ली."

"मग ते न्हाई हे. ह्यात लेकरू लई रडतं." मला धीर द्यायला म्हणाल्या त्या. मला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं.

आमच्याकडं रक्त कमी म्हणजे रक्त कमी. त्यात जाती असतात हे मला ठाऊक नव्हतं. मी मोबाईल काढला आणि एका हातानं शोधायला लागले. लोह कमी पडून होणारं. आईबापाकडून येणारं. विळ्याच्या आकाराचं. हाडाच्या आतला गर सुकल्यामुळं होणारं. प्रत्येकाच्या लक्षणांत अक्षराचं थोडं थोडं सापडायचं. फिकट दिसणं सगळ्यांत होतं. कॅन्सरच्या पानावर आले आणि मोबाईल पालथा ठेवला, परत सुलटा केला, परत पालथा.

मग महांतेशदादाला फोन लावला. माझा थोरला भाऊ, लातूरला एका दाळमिलमध्ये सुपरवायझर आहे. त्याला सगळं सांगितलं. 

"दामे, ऐक. हैदराबादला जायचं तर जा, मी बी येतो. पण रक्त चढवायच्या आधी लातूरला दाखव. आमच्या मालकाच्या नातीला ज्यांनी बरं केलं त्या गीतांजली मॅडम रक्ताच्याच डॉक्टर हायत. त्या मालकाला म्हणल्या होत्या, आधी नमुना, मग रक्त. दुसऱ्याचं रक्त मिसळलं की आपल्यात काय बिघडलंय ते नीट कळत न्हाई."

यांना सांगितलं तर चिडले. "आता दाळमिलवाला डॉक्टर झाला? माणसं रक्त द्यायला निघालीत माझी."

"त्यांना थांबवा."

"आणि वाटंत काही झालं म्हणजे?"

 मी उठून आत गेले, दारावरच्या चिठ्ठीवाल्यानं अडवलं तरी गेले, आणि डॉक्टरांनाच विचारलं. त्यांनी अक्षराची छाती पुन्हा तपासली, नखं दाबून बघितली. रागावले नाहीत. "हळूहळू कमी झालंय, म्हणून शरीरानं सांभाळून घेतलंय. तेवढा प्रवास सोसंल. पण जायचं तर आत्ता जा. उद्यावर टाकू नका."

यांच्या मित्राच्या गाडीतून निघालो.  आत्यांनी अक्षराचं एक पाऊल मुठीत धरून ठेवलं होतं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं तरी सोडलं नाही. मी दर थोड्या वेळानं तिच्या नाकाशी बोट नेत होते. आत्यांनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "नको गं असं करू." आवाज असा, की मी हात मागं घेतला.

गीतांजली मॅडम माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी रिपोर्ट वाचला, बाजूला ठेवला आणि अक्षराची मूठ उघडली. मग बोटं एकेक करून वाकवून वरून बघायला लागल्या. दादा दाराशी उभा होता. इथं सगळ्यांना आत सोडलं होतं.

"बोटांच्या सांध्यांवर हा काळेपणा कधीपासून आहे?"

"मळ हाय तो, बाई," आत्या म्हणाल्या. "लई चोळलं. बेसन लावलं, दुधाची साय लावली, निघंना."

"साय घरची?"

"मग. दोन देवणी गाई हायत दारात. सुनबाईच्या माहेराहून आलेल्या, देवणीच्याच. दूध म्हणाल तर असं घट्ट."

"छान. मग सुनबाई किती दूध पितात?"

 आत्यांनी माझ्याकडं बघितलं, मी यांच्याकडं. हे भिंतीवरच्या दातांच्या जाहिरातीकडं बघत होते.

मॅडमनी खुर्ची माझ्याकडं वळवली. इतके महिने सगळ्यांनी पोरीकडं बघितलं होतं, आता ही बाई माझ्याकडं बघायला लागली. "जीभ दाखवा."

मी दाखवली. सासूसमोर, भावासमोर, अशी जीभ काढून बसले.

"तिखट सोसतं?"

"न्हाई. वर्ष झालं, भाजीचा घास घेतला की आग होती."

"हातापायाला मुंग्या?"

"येतात. बाळंतपणाचं असंल म्हटलं."

"मांस, मच्छी, अंडी?"

"आम्ही लिंगायत आहोत," हे म्हणाले. दुकानात कुणी भलतंच काही मागितलं तर म्हणतात तसे.

"बरोबर. म्हणूनच दुधाचं विचारते. दूध, दही, ताक, काहीच नाही?"

"बाळंतिणीला चालत न्हाई आमच्यात," आत्या म्हणाल्या. "सर्द असतं. आईनं खाल्लं की लेकराच्या छातीत कफ होतो. तूप देतो की. लई तूप दिलंय तिला, लाडूत, भाकरीवर. दूध-दही तेवढं बंद."

"कुठवर बंद?"

"लेकराला दात येईस्तोवर."

"आणि हिला वरचं दूध?"

"तेबी दात आल्यावर."

मॅडमनी अक्षराचा खालचा ओठ अंगठ्यानं अलगद खाली केला. हिरडी कोरी होती. "दात आलेच नाहीत."

"कुठं आलेत," आत्या म्हणाल्या. "त्याचीच तर वाट बघून राहिलो."

मॅडमनी अंगठा काढून घेतला. मग म्हणाल्या, "आजी, हे तुमच्या घरातलं आहे की गावातलं? सगळीकडं थोडं थोडं असतं, पण दात येईपर्यंत मी पहिल्यांदा ऐकते."

आत्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "ह्या उमाच्या आधी एक पोरगा होता मला. तीन महिन्यांचा. पाहुण्याच्या लग्नात उन्हाचं गेलो, म्या तांब्याभर ताक पिले. दुसऱ्या दिवशी पोराची छाती भरली. गेलंच." त्या जमिनीकडं बघत होत्या. "तवापासून हे."

थोरला भाऊ जन्मून गेला होता एवढं यांना माहीत होतं. ताकाचं माहीत नव्हतं. त्यांनी आईकडं बघितलं आणि पुन्हा नजर काढून घेतली.

माझ्या मनात इतकं काही एकदम आलं, की त्यातलं धरावं काय ते कळेना. राग होता. पण तो जाऊन बसायला जागा शोधत होता आणि समोर ही बाई पदर गुंडाळत उभी. मी म्हणाले, "मॅडम, ही पोटात असतानाबी मला दूध ठरायचं न्हाई. वासानं उलटी व्हायची. तेव्हा कुणी बंद केलं नव्हतं." आत्यांनी मान वर केली नाही.

"म्हणजे साठा तिथूनच रिकामा," मॅडम म्हणाल्या. "बी-बारा नावाचं जीवनसत्त्व असतं. भाजीत, डाळीत, बीटात नसतं. शाकाहारी माणसाला ते दुधा-दह्यातूनच मिळतं. तुपात नाही राहत. तुमच्यात नाही म्हणून तुमच्या दुधात नाही, दुधात नाही म्हणून हिच्यात नाही. मला असं वाटतं." त्यांनी बोट वर केलं. "पण मला वाटणं पुरेसं नाही. तिन्ही पेशी कमी आहेत. दादा, तुम्ही दाळमिलमध्ये आहात ना? मिलमधून डाळ निघत नसली तर काय काय कारण असतं?"

दादा गडबडला. शाळेत उभं केल्यासारखा. "एक तर मशीन मोडली."

"किंवा?"

"किंवा कुणीतरी मिल ताब्यात घेतली. आमच्याकडं भावाभावात झालं होतं तसं. कुलूप."

"किंवा?"

"तूरच आली न्हाई."

"तिन्ही वेळेला बाहेरून सारखंच दिसतं. फाटकातून पोतं निघत नाही. लोह कमी असतं तर पेशी बारक्या आणि फिकट निघाल्या असत्या, आईबापाकडून येणाऱ्या आजारातही बारक्याच. हिच्या रिपोर्टात दिसतात मोठ्या. थोड्या, पण मोठ्या. म्हणून मला तुरीचा संशय आहे. मशीन मोडलेली किंवा ताबा, म्हणजे कॅन्सर, ते मी अजून पुसून टाकलेलं नाही."

तो शब्द आत्यांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्या मागं सरकल्या आणि तपासायच्या टेबलाला टेकल्या.

"मग रक्त द्या ना आधी," हे म्हणाले. "ते तर द्या. माणसं आहेत माझी."

"आधी तपासणीचं रक्त काढते, मग इंजेक्शन. दुसऱ्याचं रक्त आत्ता नको. हिचं हृदय पातळ रक्तावर जोर काढून चालतंय, एकदम भर पडली तर दमंल. अगदी लागलंच तर थोडं थोडं देऊ."

"आणि तुमचं चुकलं तर?"

दादानं "दाजी" म्हणून त्यांचा हात धरला. मॅडमना राग आला नाही. "तर आठवडा वाया गेला असेल. म्हणून तर घरी सोडत नाही. रोज बघणार. ताप आला, कुठून रक्त आलं, तर थांबणार नाही. आणि आठवड्यात नव्या पेशी दिसल्या नाहीत, तर हाडाची तपासणी मी स्वतः करेन."

संध्याकाळी त्या वॉर्डात आल्या, काचेवर रक्ताचा थेंब पसरून बघितला होता त्यांनी. वाईट पेशी काचेवर नव्हत्या. लाल पेशी मोठ्या, अंड्याच्या आकाराच्या. पण हाडात लपलेलं असलं तर काचेवर येईलच असं नाही, हेही सांगून गेल्या. मला वाटलं, अर्धंच सांगायचं होतं, बाई. पहिलं अर्धं.

इंजेक्शन तिला बारीकसं, मला मोठं. दोघींना एकाच ट्रेमधून.

मग वाट बघणं. बाळ झोपलं की आईनं झोपावं म्हणतात. मी उठायचे, खिडकीपर्यंत जायचे, खाली रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येत असायचा, परत यायचे, पापण्या ओढून आतला रंग बघायचे. सकाळी बघितला तसाच. दुपारी वाटायचं, जरा गुलाबी आहे. नर्सला दाखवलं तर ती म्हणाली, "ताई, सारखं ओढून ओढून लाल होतंय ते."

हे तिसऱ्या मजल्यावरून खाली आणि खालून वर. चहा आणायचे आणि स्वतःच प्यायचे. दादा मिलमधून थेट यायचा, केसात डाळीची भुकटी.

"दामे, आमच्यात तूर उतरली तरी आधी भिजवायची, वाळवायची, मग भरडायची. फाटकातून ट्रक आत गेला की लगेच डाळ दिसत न्हाई."

"तुझी मिल नको सांगू मला."

"बरं. मग देवणीला आईचं काय चाललंय ते सांगू? अव्वा तिकडं दहा नवस बोलून बसली. त्यातले पाच एकमेकांत जुळत न्हाईत. एकात म्हणती आंबट सोडीन, दुसऱ्यात म्हणती ताकाचा घडा दान करीन."

मी हसले आणि लगेच अक्षराकडं बघितलं, जणू हसताना माझं लक्ष उडालं आणि काही होऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी तिनं नर्सच्या मागं नजर फिरवली. दारापर्यंत. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं आणि पुन्हा केलं नाही तर? त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे हात थरथरायला लागले. दोन्ही. मग हनुवटी. मी ओरडलेच, वॉर्डातल्या सगळ्या बाया उठून आल्या. मॅडम पायऱ्या चढून आल्या, धाप लागली होती त्यांना, पण बघितल्यावर शांत झाल्या.

"हे होतं काही मुलांना. औषध लागू पडायला लागलं की थरथर येते. काही दिवस राहते, काहींना काही आठवडे. मी आधी सांगायला हवं होतं तुम्हाला."

"लागू पडल्यावर कुणी थरथरतं का?" हे म्हणाले.  दाराकडं वळले आणि सगळं आत्यांवर निघालं. "तुझ्या त्या ताकापायी चाललंय हे सगळं. कुणाला विचारलंस का कधी? डॉक्टरला विचारलंस?"

आत्या बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. लातूरला आल्यापासून त्या वॉर्डात येत नव्हत्या. डबा दाराशी ठेवायच्या आणि बाकावर जाऊन बसायच्या. पोरीला हात लावला नव्हता.

"अहो," मी म्हणाले, "तुम्ही तर रोज माझ्यासमोर बसून दही-भात खात होतात. तुम्हाला दिसत नव्हतं माझ्या ताटात काय हाय ते?"

  असं मी त्यांना चारचौघांत कधी बोलले नव्हते. थोड्या वेळानं त्यांनी येऊन माझ्या मांडीवरून अक्षराला घेतलं आणि तिचे दोन्ही थरथरते हात स्वतःच्या एका मुठीत धरून बसले, संध्याकाळपर्यंत.

आठवडा भरत आला तसं नव्या पेशी दिसतात का ते बघायला पुन्हा रक्त घेतलं. रिपोर्ट दुपारी येणार होता. दुपार झाली. मशीन बंद पडली म्हणे, मग चालू झाली म्हणे. हे दोनदा जाऊन आले आणि दोनदा हात हलवत परत. तिसऱ्यांदा मॅडमच आल्या, कागद न घेता.

"निघाल्यात. नव्या, भरपूर. फाटकातून ट्रकच्या ट्रक," त्या दादाकडं बघून म्हणाल्या. "बाहेर पाठवलेला बी-बाराचा रिपोर्टही आला. हिचा आणि तुमचा, दोघींचा तळाला."

"मग हाडाची तपासणी?" मी विचारलं.

"आता नको."

"हैदराबाद?"

"नको. कॅन्सर नाही हा."

हे भिंतीला पाठ लावून खाली बसले, चपलांच्या शेजारी.

मॅडम थांबल्या होत्या. "एक सांगते. रक्त महिन्या-दोन महिन्यांत भरून येईल. डोक्याची वाढ मात्र मागं राहिलीय. बसणं, बोलणं, ओळखणं. बरीच मुलं गाठतात, काहींना वेळ लागतो, काहींचं थोडं राहून जातं. आज मी शब्द देणार नाही. वेळेवर आलात एवढं नक्की."

म्हणजे एक वाट बघणं संपलं आणि दुसरं हातात दिलं. पण हे दुसरं मला उचलता येण्यासारखं वाटलं.

आत्या दारात उभ्या होत्या. सगळं ऐकलं असावं. आत आल्या नाहीत, मॅडम बाहेर पडताना त्यांच्या वाटेत उभ्या राहिल्या.

"बाई, एक विचारू? माझं ते पोरगं. ताकानं न्हाई गेलं?"

 "त्याला काय झालं होतं ते मी सांगू शकत नाही, आजी. मी बघितलं नाही त्याला. पण आईनं ताक पिलं म्हणून लेकराची छाती भरत नाही. एवढं सांगते."

"तांब्याभर पिले होते."

"घागरभर पिला असतात तरी नाही."

आत्यांनी मान हलवली. पुन्हा हलवली. "आणि म्या तवापासून तोंडाला लावलं न्हाई. दूध न्हाई, ताक न्हाई. लोकं म्हणायची, काय खुळी बाई हाय, दारात गाई आणि चहा कोरा."

मॅडम त्यांच्याकडं निरखून बघायला लागल्या. "आजी, चालताना तोल जातो का कधी?"

"वयच झालं आता."

"सिस्टर," मॅडमनी हाक मारली, "आजींचं पण रक्त घ्या."

"माझं कशाला? मला काय धाड भरलीय?"

"द्यायला निघाला होतात ना नांदेडला," मी म्हणाले. "आता द्या."

नर्सनं तिथंच बाकावर त्यांचा दंड बांधला. आत्यांनी तोंड फिरवलं. झाल्यावर कापूस कोपरात दाबून धरला आणि पहिल्यांदा आत आल्या. पलंगापाशी थांबल्या, कमरेच्या बटव्यातून विभूती काढली. अक्षराच्या कपाळाला लावायला वाकल्या तशी त्यांच्या गळ्यातली लिंगाची चांदीची डबी पदराबाहेर येऊन लोंबायला लागली.

त्या डबीला घरात कुणी हात लावत नाही. न्हाऊन, पूजा करून त्याच काढतात, त्याच घालतात.

अक्षरानं डबीकडं बघितलं. तिचा हात उठला, थरथरत गेला आणि चुकला. पुन्हा उठला. या वेळी दोरा सापडला. तिनं मूठ मिटली आणि ओढायला लागली, तोंडाकडं.

आत्या तशाच वाकून राहिल्या. कोपरातला कापूस खाली पडला.

"आत्या, सोडवू का?"

"नको."

"कंबर भरून येईल तुमची."

"येऊ दे."

मी जवळ सरकून बसले. वाटलं, आता हसेल. ती हसली नाही. कपाळावरची विभूती सुरकुतली, भुवया एकत्र आल्या, आणि एखादं जड काम अंगावर घेतल्यासारखी ती दोरा ओढत राहिली.